सैल न पडणारी मूठ: एका व्हॉलीबॉलपटूची लघवी का गळत होती

मी फिजिओथेरपिस्ट. ती माझ्याकडे आली होती जांघेचं दुखणं घेऊन. वय 23, अकरा वर्षं व्हॉलीबॉल, संघात मिडल ब्लॉकर. चेंडू आपल्याकडे येवो न येवो, नेटच्या मधोमध उभं राहून जवळजवळ प्रत्येक हल्ल्याला उडी मारायची, हे तिचं काम. डाव्या जांघेत आतल्या बाजूला चार महिने ओढ लागत होती. मी तीन भेटी मांडीच्या आतल्या स्नायूंवर काम केलं. दोन दिवस बरं वाटायचं, सराव झाला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चौथ्या भेटीत मी तिला सलग दहा उड्या मारायला सांगितल्या. ती म्हणाली, "आधी जाऊन येते." अर्ध्या तासापूर्वीच ती जाऊन आली होती. परत आल्यावर सहा उड्या मारल्या आणि थांबली, पाय जवळ घेऊन, मांड्या आवळून. दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणाली. काही दुखत नसताना खेळाडू सहाव्या उडीला थांबत नाही.

मी सरळ विचारलं, "उतरताना लघवी गळते का?"

ती मॅटकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ते तर सगळ्यांनाच होतं ना?"

पुढचं सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. लिहावंसं वाटलं कारण तिची तक्रार नेहमीची होती, पण नेहमीचा उपाय तिला लागू पडत नव्हता. उलट त्या उपायानेच तिची तक्रार वाढली होती. आणि मी तीन भेटी हा प्रश्न विचारलाच नव्हता, हेही लिहायला हवं.

तिने जे सांगितलं

पहिल्यांदा गळलं तेव्हा ती 19 वर्षांची होती. अटीतटीचा सामना, पाचवा सेट, ब्लॉक करून दोन्ही पायांवर उतरली आणि ओलं झाल्याचं जाणवलं. घाम असेल अशी स्वतःची समजूत घातली. पुढच्या हंगामात शेवटच्या सेटला हमखास होऊ लागलं, त्यानंतर साध्या सरावातही. सर्व्हिस करताना नाही, खाली वाकून चेंडू उचलताना नाही. फक्त उडी मारून उतरताना, आणि सगळ्यात जास्त तेव्हा, जेव्हा बाजूला दोन पावलं पळून घाईत उडी मारावी लागते.

चार वर्षांत तिने या त्रासाभोवती एक सबंध व्यवस्था उभी केली होती. काळ्या शॉर्ट्सच्या आत दुसरी काळी शॉर्ट्स, त्यात पॅड, सामना असला की दोन. संध्याकाळी सामना असेल तर दुपारपासून पाणी बंद. वॉर्म-अपच्या आधी, नंतर आणि प्रत्येक सेटच्या मध्ये बाथरूम, लघवी लागलेली असो वा नसो. बाकावर बसताना टॉवेल नेहमी मांडीखाली, आणि पहिल्यांदा मला ते लक्षातच आलं नव्हतं, पण माझ्या खुर्चीवरही ती तसाच टॉवेल घालून बसली होती.

गेल्या चार महिन्यांत चित्र बदललं होतं. आता नळाचा आवाज ऐकला तरी घाई व्हायची. घाईने जाऊन बसलं की धार लगेच सुरू होत नव्हती, अर्धा मिनिट थांबावं लागायचं, आणि उठल्यावर अजून राहिलीच आहे असं वाटायचं. शौचाला जोर करावा लागत होता. पाळीत टॅम्पॉन घालणं आधी सहज जमायचं, ते आता टोचू लागलं होतं.

चार महिने. जांघही चार महिन्यांपासूनच दुखत होती. मग मी विचारलं, चार महिन्यांपूर्वी नवीन काय सुरू केलंस?

मोबाइलवरचं एक ॲप. फोन कंपन पावला की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे, दहा मोजायचे, सोडायचे. केगलचे व्यायाम. ॲपने सुरुवातीला रोज 60 सांगितले होते. फरक पडेना म्हणून तिने 200 केले. प्रवासात, वाचताना, वॉर्म-अप करताना, झोपण्याआधी. मेहनती खेळाडूचा हा स्वभावच असतो: काही जमत नसेल तर दुप्पट करायचं.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर

सगळ्यांनाच होतं का? सगळ्यांना नाही, पण तिला वाटत होतं त्याहून कितीतरी जास्त जणींना होतं. लघवी गळणं म्हणजे बाळंतपणानंतरचा किंवा उतारवयातला त्रास, अशी आपली पक्की समजूत असते. स्वीडनमधल्या ट्रॅम्पोलिन खेळाडूंचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात 35 मुली होत्या, वय 12 ते 22, सरासरी वय 15, एकीचंही बाळंतपण झालेलं नव्हतं. त्यांतल्या 80 टक्के मुलींची ट्रॅम्पोलिनवर लघवी गळत होती. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंवरच्या 1994 च्या एका अभ्यासात एकूण प्रमाण 28 टक्के होतं, पण खेळागणिक फरक मोठा होता: जिम्नॅस्टिक्समध्ये 67 टक्के, बास्केटबॉलमध्ये 66, गोल्फमध्ये शून्य. जिथे शरीर वारंवार जमिनीवर आदळतं, तिथे हा त्रास जास्त.

नेहमी आढळणारी गोष्ट आणि निरोगी गोष्ट यांत फरक आहे. गुडघे दुखणारे धावपटूही पुष्कळ असतात, पण म्हणून कुणी त्यांना "धावतोस तर दुखणारच" म्हणून घरी पाठवत नाही. ओटीपोटाच्या तळाच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो, आणि तेही कुणी न विचारता, न बोलता.

पेल्विक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी ताणलेली स्नायूंची झोळी. पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, आणि दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडांच्या आतल्या भिंतींपर्यंत. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते. मूत्रमार्ग, योनी आणि गुदद्वार तिच्यातूनच बाहेर पडतात, त्यामुळे वाटा बंद ठेवणं आणि योग्य वेळी मोकळ्या करणं हेही तिचंच काम. तिच्यातले बरेचसे तंतू संथ, दिवसभर हलका ताण धरून ठेवणारे. उरलेले जलद, खोकला, शिंक, उडी यांच्या क्षणी झटकन आवळणारे. आणि ती एकटी काम करत नाही. श्वास घेताना वरचं श्वासपटल खाली सरकतं तेव्हा ही झोळीही थोडी खाली येते, श्वास सोडताना दोन्ही वर जातात.

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर उलटा येतो. उंच उडी मारून उतरताना त्याहून जास्त. तो पायांतून वर येतो, पोटातला दाब एकदम वाढतो आणि झोळीवर वरून धक्का बसतो. निरोगी झोळी पाय टेकण्याच्या आधीच आवळायला लागते आणि धक्का बसताना किंचित खाली जाऊन तो झेलते. हे "किंचित खाली जाणं" या प्रकरणात कळीचं ठरलं.

तपासणी

आधी धोक्याच्या खुणा पाहिल्या. लघवीत रक्त नाही, जळजळ नाही, ताप नाही, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा नाही. डॉक्टरांकडून लघवीची तपासणी करून घेतली, जंतुसंसर्ग नव्हता. लघवी पूर्ण बाहेर पडते की नाही हे सोनोग्राफीत पाहिलं, मागे फारशी उरत नव्हती. तीन दिवसांची लघवीची वही लिहायला दिली. दिवसाला 14 वेळा, बहुतेक वेळा दीडशे मिलिलिटरच्या आसपास. तिच्या वयात मूत्राशय त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज धरतं. ते लहान झालं नव्हतं, थोडं भरलं की रिकामं व्हायची त्याला सवय लागली होती.

आतून तपासणी करायला ती तयार नव्हती. तिने तसं म्हटलं आणि मी तो विषय तिथेच थांबवला. हे मुद्दाम नोंदवते, कारण आतून तपासणी करून घ्यावी लागेल या धास्तीनेच कितीतरी मुली येत नाहीत. त्याशिवायही बरंच कळतं. बाहेरून नुसतं निरीक्षण करता येतं, आणि सोनोग्राफीचा प्रोब बाहेरूनच टेकवून पडद्यावर झोळीची हालचाल दिसते. आपलाच स्नायू पडद्यावर पाहणं तिलाही सोपं वाटलं.

"आवळ" म्हटल्यावर मूत्राशयाची मान, म्हणजे मूत्राशय मूत्रमार्गाला मिळतं तो भाग, जेमतेम वर सरकली. पाहणाऱ्याने इथेच थांबून "स्नायू अशक्त, व्यायाम वाढवा" असं लिहून दिलं असतं. पण "आता सोड" म्हटल्यावर पडद्यावर काहीच हललं नाही. तिला वाटत होतं की तिने सोडलं आहे. सहा-सात सेकंदांनी मान हळूहळू थोडी खाली आली, तीही अर्धीच. मग मी तिला शौचाला करतो तसा हलका जोर करायला सांगितलं. झोळी खाली जायला हवी, तिची वर गेली. म्हणजे दार उघडायचा हुकूम दिला की तिचं शरीर दार आणखी घट्ट लावत होतं. धार सुरू व्हायला वेळ लागणं आणि शौचाला जोर करावा लागणं, दोन्हींचा उलगडा तिथे झाला.

तिसऱ्या आठवड्यात तिनेच एका बोटाने आतून तपासायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पहिल्या आवळणीला ताकद पाचपैकी चार भरली. अशक्तपणा नव्हताच. पण लागोपाठ झटपट आवळायला सांगितलं तर पाचव्या वेळी काहीच जाणवेना. डाव्या बाजूच्या भिंतीवर एका ठिकाणी दाबलं तेव्हा ती म्हणाली, "हेच. हेच दुखतं जांघेत." तिथे ऑब्च्युरेटर इंटर्नस नावाचा, मांडी फिरवणारा स्नायू असतो आणि झोळीची कड त्याच्याच आवरणाला अडकलेली असते. मी तीन भेटी मांडीवर बाहेरून काम करत होते आणि दुखण्याचं मूळ वीतभर आत होतं.

मूठ

हे तिला कसं समजावून सांगावं याचा मी विचार करत होते. समोर चेंडू होता. तिला म्हटलं, दोन्ही मुठी घट्ट आवळ आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस. मग मी तिच्याशी सरावाबद्दल पाच मिनिटं बोलत राहिले. तिचे पंजे पांढरे पडत चालले. मध्येच चेंडू तिच्याकडे टाकला. ती दचकली, मुठी उघडायला उशीर झाला, चेंडू बोटांवर आपटून खाली पडला.

"हात अशक्त आहेत का तुझे?"

ती हसली. मग गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे मी दिवसभर मूठ आवळूनच बसते."

झोळी सतत वर ओढलेली असली की धक्का बसताना तिला खाली जाऊन झेलायला जागाच उरत नाही. गुडघे ताठ ठेवून उडीवरून उतरल्यासारखंच ते. शिवाय दिवसभर आवळून थकलेला स्नायू ऐन वेळी झटकन प्रतिसाद देत नाही. तिचं शेवटच्या सेटला जास्त गळायचं ते यामुळेच. पहिली चार वर्षं गळत होतं तेव्हा स्नायू इतका ताठ नसावा असा माझा अंदाज आहे. तेव्हा चूक वेळेची होती: श्वास रोखून उडी मारायची सवय आणि "पोट आत ओढून ठेव" ही लहानपणापासूनची सूचना. पोटाची भिंत कायम आत ओढून धरली की वरचा दाब जायचा तो खालीच जातो. त्यावर रोजचे 200 केगल पडले आणि थकलेली झोळी ताठरली.

केगलच्या व्यायामांना मी नावं ठेवत नाही. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली ते मांडले तेव्हापासून असंख्य बायकांना त्यांचा फायदा झाला आहे. उडी-खोकल्याच्या वेळी गळणाऱ्या लघवीवर पहिला उपचार आजही हाच, किमान तीन महिने, तोही देखरेखीखाली. "देखरेखीखाली" हा शब्द लोक विसरतात. 1991 च्या एका अभ्यासात 47 बायकांना तोंडी सूचना देऊन आवळायला सांगितलं होतं. निम्म्याच जणींना ते नीट जमलं, आणि चौघींत एक अशा पद्धतीने करत होती की त्याने गळणं वाढावं. केगल यांनी स्वतः दाब मोजायचं उपकरण वापरून, बाईला आपली आवळणी दिसेल अशा रीतीने शिकवलं होतं. मोबाइलचं कंपन ते करू शकत नाही.

उपचार

पहिले चार आठवडे एकही केगल नाही. तिला हे सगळ्यात जड गेलं. व्यायाम थांबवणं हा उपचार असू शकतो हे खेळाडूच्या मनाला पटत नाही. "मग मी करू काय?" असं तिने तीनदा विचारलं. काम भरपूर होतं. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, पायांखाली उशी घेऊन श्वास: हवा बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीला भरू द्यायची, पोट मऊ सोडायचं, आणि श्वास आत येताना ओटीपोटाचा तळ खाली आणि रुंद होताना जाणवतो का ते पाहायचं. पहिले आठ दिवस तिला काहीच जाणवलं नाही. मग खुर्चीवर गुंडाळलेला टॉवेल आडवा ठेवून त्यावर बसवलं. टॉवेलचा स्पर्श होता म्हणून श्वासाबरोबर काहीतरी खाली येऊन टेकतंय हे तिला पहिल्यांदा कळलं. पडद्यावर न दिसलेली गोष्ट टॉवेलने दाखवली. त्यानंतर आधार धरून खोल उकिडवं बसणं, बालासन, आणि आठवड्यातून एकदा आतल्या डाव्या भिंतीवरचा तो दुखरा भाग हलक्या हाताने सोडवणं.

शौचाला बसताना पायांखाली छोटं स्टूल, गुडघे कमरेच्या वर, जोर न करता श्वास सोडत. पाणी दिवसभर विभागून, सामन्याच्या दिवशीही. पाणी तोडल्याने लघवी दाट होते, घाई वाढते, बद्धकोष्ठ वाढतो, आणि खेळणाऱ्या शरीराला पाणी तोडणं परवडतही नाही. "असू दे, जाऊन येते" या फेऱ्या बंद. घाई आली तर थांबायचं, टाचा उचलून-टेकून मन दुसरीकडे न्यायचं, घाई ओसरली की चालत जायचं. तीन आठवड्यांत 14 वरून आठवर आली. याच काळात जांघेचं दुखणं जवळपास गेलं. उड्यांच्या वेळचं गळणं मात्र जसंच्या तसं होतं, आणि ते मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

पाचव्या आठवड्यापासून आवळणं परत आणलं, पण वेगळ्या नियमाने: जितकं आवळलं तितकाच वेळ पूर्ण सोडायचं, आणि सुटल्याचं जाणवल्याशिवाय पुढची आवळणी नाही. आठ आवळण्या, दिवसातून तीन वेळा. मग वेळ साधणं. खोकला येण्याच्या क्षणभर आधी आवळायची युक्ती 1998 च्या एका अभ्यासात तपासली गेली आहे. उतारवयातल्या बायकांना ती शिकवली आणि आठवडाभरात मध्यम खोकल्याला गळणं सरासरी 98 टक्क्यांनी, जोरदार खोकल्याला 73 टक्क्यांनी कमी झालं. स्नायूची ताकद आठवड्यात वाढत नाही, म्हणजे तो फरक निव्वळ वेळ साधल्याचा होता. तिने ही युक्ती आधी खोकल्यावर साधली, मग खुर्चीतून उठताना, मग पायरीवरून उतरताना. कोर्टवर प्रत्येक उडीला "आता आवळ" असा विचार करायचा नाही, हे मी बजावलं. विचार करायला तिथे वेळ नसतो. तिथे एकच सूचना दिली: उडताना श्वास सोड. श्वास सुटला की तळ आपोआप वर येतो.

सातव्या आठवड्यात उतरण्यावर काम सुरू केलं. मोबाइलवर हळू गतीने चित्रण केलं. ती टाचांवर, ताठ गुडघ्यांनी, आवाज करत उतरत होती. पुढे चवड्यांवर, मग टाच, मग गुडघे आणि कंबर वाकवून, आवाज न करता. "आवाज ऐकू येता कामा नये" ही एक सूचना दहा शारीरिक सूचनांपेक्षा जास्त कामी आली. सुरुवात एका सरावात 20 उड्यांनी, दर आठवड्याला थोड्या वाढवत.

पाळीबद्दल

पहिल्याच मोठ्या चौकशीत कळलं होतं की तिची पाळी वर्षभरात 30 दिवसांवरून 45 दिवसांवर गेली होती. तिने ते सरावाच्या ताणाचं मानलं होतं. हंगामात तिचं वजन उतरायचं आणि तिला ते चांगलंच वाटायचं.

खर्चाच्या मानाने शरीरात कमी अन्न जात असलं की शरीर आधी पाळीवर कात्री चालवतं. इस्ट्रोजेन कमी पडतं, हाडं ठिसूळ होऊ शकतात, आणि मूत्रमार्ग व तळाच्या ऊतीही इस्ट्रोजेनवर अवलंबून असतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2023 मध्ये ऊर्जेच्या कमतरतेबद्दलचं आपलं निवेदन सुधारलं, तेव्हा तिच्या परिणामांत लघवी गळण्याचाही समावेश केला. हे माझ्या हातातलं काम नव्हतं. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवलं. खाणं वाढलं, विशेषतः सरावाच्या आधी आणि लगेच नंतर. पाच महिन्यांनी पाळी 32 दिवसांवर आली. तिच्या सुधारणेत याचा वाटा किती आणि स्नायूंच्या कामाचा किती, हे मी वेगळं काढून दाखवू शकत नाही.

प्रशिक्षकांशी बोलणं

उड्या कमी करायच्या तर प्रशिक्षकांना सांगणं भाग होतं. ती म्हणाली, "सरांना मी हे सांगूच शकत नाही." मी म्हटलं, काय सांगायचं ते तू ठरव. तिने ठरवलं: जांघ आणि ओटीपोटाच्या स्नायूंचं पुनर्वसन चालू आहे, एवढंच पत्रात लिहायचं. मी तसं लिहिलं, सोबत आठवडेवार उड्यांची संख्या दिली, आणि "पोट आत" ऐवजी "श्वास सोड" ही सूचना वापरावी अशी विनंती केली. कारण न विचारता त्यांनी दोन्ही मान्य केलं. सरावाच्या शेवटी, सगळ्या थकलेल्या असताना घेतल्या जाणाऱ्या सलग 60 ब्लॉक उड्या त्यांनी सगळ्या संघासाठीच विभागून टाकल्या.

दोन महिन्यांनी तिने स्वतःच त्यांना खरं कारण सांगितलं. मला ते नंतर कळलं. ते म्हणाले होते, "आधी सांगितलं असतंस तर बाथरूम लांब आहे म्हणून तुम्हाला ओरडलो नसतो."

माझी चूक, आणि पुढे

नवव्या आठवड्यात गळणं जवळजवळ थांबलं होतं. मी खूश होते आणि उड्या एका आठवड्यात 50 वरून 90 वर नेल्या. त्याच आठवड्यात तिला सर्दी-खोकला झाला. आठ दिवस खोकून झोळी थकलेली, त्यात उड्यांचा ताण. गळणं परत आलं, आणि घाबरून तिने गुपचूप ॲप पुन्हा सुरू केलं. पुढच्या भेटीत पडद्यावर "सोड" म्हटल्यावर पाच सेकंद काही हललं नाही, तेव्हा ते उघड झालं. ती रडली. दोष तिचा नव्हता. खोकला येईल तेव्हा काय करायचं हे मी तिला आधी सांगायला हवं होतं: उड्या अर्ध्यावर, आवळण्यांचा व्यायाम बंद, श्वासाचं काम चालू, खोकताना मान बाजूला वळवून, पाठ सरळ ठेवून, तळ आधी आवळून. आम्ही दोन आठवडे मागे गेलो.

या काळासाठी आधार म्हणून योनीत घालायचं साधन वापरावं का, असं तिने विचारलं होतं. खेळताना मूत्रमार्गाला आधार देणारी अशी साधनं मिळतात आणि काही जणींना ती छान लागू पडतात. तिचा स्नायू अजून ताठ होता, टॅम्पॉन टोचत होता, म्हणून मी ते पुढे ढकललं. चौदाव्या आठवड्यात टॅम्पॉन न दुखता घालता येऊ लागला, पण तोवर तिला साधनाची गरज वाटत नव्हती.

सोळाव्या आठवड्यात मोजलं. लघवी गळण्याच्या त्रासाची जी 21 गुणांची प्रश्नावली जगभर वापरतात, तीत ती 13 वरून 4 वर आली होती. "सोड" म्हटल्यावर तळ दोन सेकंदांत खाली येत होता. झटपट आवळण्या दहापर्यंत जात होत्या. सरावात 100 उड्या, पॅड कोरडं.

सहा महिन्यांनंतरच्या भेटीत ती खुर्चीवर टॉवेल न घालता बसली. तीन किंवा चार सेटच्या सामन्यात आता काही होत नाही. सामना पाचव्या सेटपर्यंत ताणला तर अजून एखाददुसरा थेंब जातो, आणि तो नेमका बाजूला पळत जाऊन मारलेल्या उडीला. म्हणून सध्या आम्ही एका पायावर उतरण्यावर आणि थकल्यानंतरच्या उड्यांवर काम करतो आहोत: आधी 15 मिनिटं पळायचं, मग बाजूला दोन पावलं आणि उडी, श्वास सोडत, आवाज न करता. पुढची भेट आठ आठवड्यांनी आहे.